डाव्या चाकातला हिसका

बैल चालीने चालत असले की दमणीला, त्या छपराच्या बैलगाडीला, काही व्हायचं नाही. कोपर गावातल्या घरापासून खाडीच्या बांधापर्यंत ती इतकी शहाण्यासारखी जायची की उत्तरा मांडीवर पाटी घेऊन खुशाल धडा लिहून काढायची. पण बांध संपला, कल्याणचा सपाट रस्ता लागला आणि गाडीवान महिपतने बैलांना पळवलं की गाडीच्या अंगात काहीतरी शिरायचं. आधी डावीकडून एक हिसका. मग दुसरा. पहिला विरतो न विरतो तोच तिसरा. पाहता पाहता सगळी दमणी हिवताप भरलेल्या माणसासारखी थरथरायला लागायची. छपराच्या कामट्या खडखडायच्या, उत्तराच्या वडिलांची, अण्णांची पगडी भुवयांवर उतरायची, आणि उत्तराच्या पाटीवरची ओळ बांधावरून घसरलेल्या गुरासारखी खाली जायची.

बैल पुन्हा चालीवर आले की सगळं शांत. जणू काही झालंच नव्हतं.

हे सुरू झालं ते उत्तराची आई गेल्यानंतर.

आई पौषात गेली, तापाने. तिरडी बांधायला अंगणात जागा हवी म्हणून चौघांनी दमणी ढकलत मागच्या दारी विहिरीशी नेऊन उभी केली. सुतकात बैल जुंपायचे नसतात, म्हणून ती तिथेच राहिली. भेटायला माणसं येत होती, विहिरीवर अंगावर पाणी घेऊन जात होती. बैल गोठ्यात बसून रवंथ करत होते. गाडीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

सुतक फिटल्यावर अण्णा कल्याणच्या कचेरीत जायला निघाले. मामलेदार कचेरीत ते कारकून होते, आणि त्यांच्याच गाडीतून उत्तरा मुलींच्या शाळेत जायची. त्या दिवशी बांधापलीकडे बैल पळाले आणि पहिल्यांदा तो हिसका बसला. नेमका डाव्या बाजूने. आई गाडीत बसायची ती डाव्या बाजूला, छपराच्या कडेला, उत्तराच्या पाटीवर एक डोळा ठेवून.

महिपतने बैल थांबवले. मागे वळून त्याने डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

घरी ठमाआत्याने ऐकलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हापासून आईच्याच सावलीत वाढलेली. दोघी मिळून भांडायच्या, दोघी मिळून पापड लाटायच्या.

"वहिनीच आहे ती," आत्या म्हणाली. "दुसरं कोण असणार? तिची इच्छा राहिलीय."

इच्छा राहिली होती, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला तेव्हा कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरला नाही. मुलगा नव्हता, म्हणून क्रिया अण्णांनीच केलेली. हात जोडून ते पिंडासमोर मोठ्याने बोलले, ठमीला कधी अंतर देणार नाही. कावळा आला नाही. उत्तराचं लग्न चांगल्या घरात करीन. आला नाही. याच वर्षी करीन. तरीही नाही. ऊन चढलं, भटजी कासावीस झाले, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून पिंडाला शिवून घेतलं.

"लग्न कर म्हणतेय ती," आत्याचा हिशेब सोपा होता. "पोर बाराव्यात गेली. शाळेच्या वाटेवरच गाडी का थरथरते? गोठ्यातून बांधापर्यंत का नाही?"

"शाळेच्या वाटेवर बैल पळतात म्हणून," उत्तरा म्हणाली.

"मधे बोलू नकोस. शाळेत हेच शिकवतात वाटतं?"

 अण्णा वाचणारे गृहस्थ होते, भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, निदान आई होती तोपर्यंत तरी नव्हता. त्यांनी महिपतला आंसाला वंगण घालायला सांगितलं. महिपतने दोन्हीकडच्या खिळी काढून चाकं बाहेर ओढली, तेलात कालवलेलं वंगण हाताने थापलं. दुसऱ्या दिवशी गाडी तशीच थरथरली. मग अण्णा म्हणाले, डावा बैल नवा आहे, त्याची चाल बिघडली असेल. महिपतला ते लागलं. बैल त्याने स्वतः पारखून आणलेला.

"बयलाचा दोस नाय, अण्णा," तो म्हणाला. "बगा, आलटून जुंपतो."

डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे आला. हिसका आपली जागा सोडीना. तो डावीकडूनच आला.

त्यानंतर महिपत गाडीत बसण्याआधी डाव्या बाजूला हात लावून कपाळाला लावायला लागला. आणि एका संध्याकाळी उत्तरा मागच्या दारी गेली तर दमणीच्या साटीच्या फळ्यांवर, आईच्या जागी, केळीच्या पानावर दहीभात ठेवलेला. शेजारी आत्या उभी. ती हळू आवाजात बोलत होती. "मेथी आलीय गं यंदा चांगली. तुझ्यासारखी मला भाजी जमत नाही. पोरगी तोंड वाकडं करते."

उत्तरा पाय न वाजवता मागे फिरली. तिला आत्याचा राग यायला हवा होता. आला नाही. खरं म्हणजे गाडी थरथरायला लागली की हल्ली तीसुद्धा डाव्या बाजूला सरकून बसायची. भीती वाटायची, आणि भीतीच्या आत कुठेतरी बरंही वाटायचं. आई घरात कुठेच उरली नव्हती. तिची लुगडी दिली गेली, तिचा फणेरपेटीतला आरसा पालथा घातला गेला. फक्त या एका रस्त्यावर, बैल पळाले की, कोणीतरी शेजारी बसून हलवत असल्यासारखं वाटायचं.

पण माघ संपता संपता थरथर वाढली. एका सकाळी सपाट रस्त्यावरच असा हिसका बसला की अण्णा बाहेर फेकले जाता जाता वाचले. त्यांचं कोपर सोलवटलं. उत्तराची पाटी रस्त्यावर पडून दुभंगली.

त्या दिवशी अण्णा घरी आले ते ठरवूनच. हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसले. झोपाळ्याला झोका दिला नाही.

"ठमे, तू म्हणतेस तेच खरं असेल. फाल्गुनातल्या मासिक श्राद्धाला ही दमणी भटजींना दान देऊ. मी तट्टावरून कचेरीत जाईन."

"आणि मी?" उत्तराने विचारलं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तट्टावर दोघं कशी बसणार, बाळ? वाचायला येतंय तुला. पुष्कळ झालं."

आत्याने डोळे पुसले. तिला वाटलं, वहिनीचं ऐकलं गेलं. उत्तरा उठून आत गेली आणि दुभंगलेल्या पाटीचे दोन तुकडे एकमेकांना लावून पाहत बसली. ते लागत होते. मधली रेघ मात्र जात नव्हती.

रात्रभर ती एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली. ती आई असेल तर आई अशी कशी? आईने कधी तिची पाटी फोडली नसती. पहिल्या दिवशी शाळेत सोडायला आईच आली होती, आणि शाळेच्या दारात बाकीच्या बायका बघतायत म्हणून पदर पुढे ओढून, कानात म्हणाली होती, "नीट लिही हं. मला दाखव." आईला स्वतःला अक्षर येत नव्हतं. ती पाटी हातात घेऊन नुसती ओळ सरळ आहे का ते बघायची.

सकाळी उत्तराने चिंध्यांच्या बोचक्यातून एक लाल चिंधी काढली. अण्णा त्या दिवशी पायीच कल्याणला गेले होते. तिने महिपतला गाठलं.

"महिपतदादा, गाडी जुंप. मागच्या शेतात पळवायचीय."

"नको गो बाय. वयनीबायला कशाला तरास?"

"तिला त्रास नाही होणार. ती असेल तर मीच आहे ना बरोबर. आणि नसेल तर कोणालाच त्रास नाही."

 महिपतने गाडी जुंपली. भात कापून गेलेलं शेत कडक वाळलेलं होतं. उत्तराने डाव्या चाकाच्या एका आऱ्याला चिंधी बांधली. आरे म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून निघालेले दांडे. त्यांच्या टोकांवर लाकडी पाटे बसवून गोल पुरा केलेला असतो, आणि त्या पाट्यांवर लोखंडाची धाव चढवलेली. गाडी पळाली. उत्तरा परकर खोचून बरोबर पळाली, डोळे चिंधीवर लावून.

चिंधी वर, चिंधी पुढे, चिंधी खाली. हिसका. चिंधी वर, पुढे, खाली. हिसका. जवळजवळ एकाच जागी, चिंधी जमिनीला येण्याच्या जरा आधी. तिने गाडी थांबवून चिंधी सोडली, पुढच्या आऱ्याला बांधली, पुन्हा पळाली. आता चिंधी जमिनीपाशी आली रे आली की हिसका बसत होता. एकदाही चुकत नव्हता.

"अगं ए!" मागच्या दारातून आत्या ओरडली. "बाराव्या वर्षी बैलांबरोबर धावतेस! बघतील कोणी तर काय म्हणतील!"

"बघू देत!" उत्तरा धापा टाकत ओरडली. तिला हसू येत होतं आणि रडूही. काय ते तिचं तिलाच कळेना.

संध्याकाळी अण्णा घामाघूम होऊन परतले तेव्हा तिने त्यांना पगडीसुद्धा काढू दिली नाही.

"अण्णा, गाडीत बसा. डोळे मिटा. हिसका बसला की नुसतं 'हं' म्हणा."

"हा काय पोरखेळ?"

"एकदाच. मग द्या दान."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, अण्णा बसले. डोळे मिटले. महिपतने बैल पळवले, आणि उत्तरा पळत पळत चिंधी खाली आली की ओरडायला लागली.

"आत्ता!"

"हं," अण्णा म्हणाले.

"आत्ता!"

"हं."

"आत्ता! आत्ता! आत्ता!"

"हं. हं. हं."

शेताच्या टोकापर्यंत दोघांचे आवाज एकावर एक पडत राहिले. गाडी थांबली तरी अण्णांनी लगेच डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा ते ओले होते.

"इतकी नियमित तुझी आई कधीच नव्हती," ते म्हणाले.

ते बोलून हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. उत्तरा चाकाला धरून उभी राहिली. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं. शाळा वाचवायला निघाली होती ती, आणि एका चिंधीने तिने आईला गाडीतून उतरवलं होतं.

पण आता थांबता येत नव्हतं. चाकात काय आहे ते शोधायलाच हवं होतं. ती घरात जाऊन सुताचा दोरा घेऊन आली. दिवाळीला तुळशीपुढे मोठी रांगोळी काढायची तर आई दोऱ्याचं एक टोक बोटाने मधे दाबून धरायची, दुसऱ्या टोकाला चिमूट, आणि दोरा ताठ ठेवून गोल फिरायचं. "दोरा सैल पडला की गोल बिघडला," आई म्हणायची. उत्तराने महिपतकडून आंसाखाली ओंडका लावून चाक अधांतरी केलं, दोऱ्याचं टोक मधल्या तुंब्यावर अण्णांच्या बोटाखाली दिलं, आणि धावेच्या कडेशी दोऱ्याला गाठ मारली.

"आता चाक फिरव, दादा. हळू."

गाठ कडेवर राहिली. राहिली. राहिली. आणि चिंधीच्या आऱ्यापाशी येताच ती धावेच्या बाहेर गेली, चांगली बोटभर. चाक तिथे चपटं झालं होतं. लाकूड दबलेलं, काळपट पडलेलं, आणि त्याच्या शेजारच्या सांध्यात उत्तराची करंगळी सहज गेली. गाडी चालीने जायची तेव्हा चाक त्या चपट्या जागी हलकेच बसायचं नि उठायचं, कोणाला कळायचंही नाही. पळायला लागली की एक धक्का जिरायच्या आत दुसरा यायचा.

"पण चाक एकाच जागी कसं कुजेल?" अण्णा म्हणाले. "सगळं लाकूड एकाच बाभळीचं."

उत्तराने उत्तर द्यायच्या आधीच तिचे पाय विहिरीकडे निघाले. केळींकडे जाणाऱ्या न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटाकाठी, वाळून कडक झालेल्या चिखलात, चाकाचा खड्डा अजून होता. डाव्या चाकाचा. दमणी तिरडीसाठी सरकवली तेव्हा तिचं डावं चाक या पाटात उतरलं होतं. सुतक फिटेपर्यंत ते फिरलं नाही. खालचा भाग पाण्यात, वरचा पौषाच्या उन्हात. स्मशानातून आलेली माणसं, भेटायला येऊन अंगावर पाणी घेऊन जाणारी माणसं, रोज ओलेत्याने वावरणारे घरचे, सगळ्यांचं पाणी या एका पाट्यावरून वाहून गेलं होतं, आणि गाडीचं सगळं वजन त्या फुगलेल्या लाकडावर.

आत्या दारातून खाली उतरली होती. तिने खड्डा पाहिला. खड्ड्याकडून चाकाकडे पाहिलं.

"मीच काढत होते पाणी," ती म्हणाली. "येईल त्याला. घागरीवर घागर."

 तिने वाकून खड्ड्याच्या कडेला हात लावला. म्हणाली, "म्हणजे ती नव्हती."

"नव्हती गं, आत्या."

"आणि मी वेड्यासारखी तिला मेथीचं सांगत होते."

उत्तराने तिचा हात धरला. आत्याने सोडवून घेतला नाही.

अण्णांनी दान पुढे ढकललं नाही, रद्दच केलं. पण मन अजून पुरतं वळलेलं नव्हतं. "चाक दुरुस्त होऊ दे," एवढंच म्हणाले, "मग बघू." उत्तराने त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं.

चाक कल्याणला दौलत सुताराच्या अंगणात गेलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून उत्तराही अण्णांबरोबर गेली. दौलतने धाव ठोकून उतरवली तेव्हा काळा पडलेला पाटा हातात सहज निघून आला, आणि शेजारचाही. त्याने दोन्ही पाटे नवे घडवले, ढिले आरे पुन्हा तुंब्यात ठोकून बसवले. मग जमिनीवर गोलाकार शेण्या रचून त्यात धाव तापत ठेवली. लोखंड लाल झालं. तिघांनी सांडशांनी ते उचलून चाकावर आणलं आणि ठोकून बसवलं. लाकडाने पेट घेतला, तोच दौलतने चोहीकडून पाणी सोडलं. वाफेचा लोट उठला आणि आतून एकामागून एक सांधे कडकडले. लोखंड आक्रसत होतं आणि चाक स्वतःला आवळून घेत होतं. उत्तराला वाटलं, पाण्यानेच बिघडलं आणि पाण्यानेच जुळतंय.  

जुने पाटे दौलतने अण्णांच्या हवाली केले. गिऱ्हाइकाचं लाकूड गिऱ्हाइकाचं, अशी त्याची रीत. घरी आल्यावर अण्णा ते बंबाच्या लाकडांत टाकायला निघाले तर आत्या आडवी आली.

"जाळू नका. वहिनीचं पाणी आहे त्यात."

दुसऱ्या सकाळी दमणी दारात उभी राहिली. अण्णा चढले. ते काळे पाटे त्यांनी पायाशी ठेवले. उत्तरा अंगणात पायरीपाशी उभी होती, परकराची कड मुठीत धरून. बस, असं कोणी तिला म्हटलं नव्हतं.

अण्णा समोर बघत राहिले. मग म्हणाले, "पाटी घेतलीस का?"

ती आत पळाली. नवी पाटी नव्हतीच. फुटक्या पाटीचा मोठा तुकडा घेऊन ती आली आणि उजव्या बाजूला बसली.

खाडीच्या बांधावर, जिथे पिंड ठेवला होता तिथे, अण्णांनी गाडी थांबवायला सांगितलं. ओहोटी होती. दोघं खाली उतरली. अण्णांनी पाटे पाण्यात सोडले. जड होते तरी तरंगले, आणि रेंगाळत रेंगाळत मुंब्र्याच्या दिशेने निघाले.

"त्या दिवशी तुम्ही माझ्या लग्नाचं बोललात," उत्तरा हळूच म्हणाली. "शाळेचं बोललात का?"

अण्णा वाहत जाणाऱ्या पाट्यांकडे बघत राहिले. "सुचलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी हात जोडले आणि मोकळ्या पाण्याकडे बघून, आई समोर असताना बोलायचे तसे, हळू आवाजात म्हणाले, "शाळेत पाठवतोय हो तिला. तुम्ही म्हणाल तेवढं शिकवीन."

कावळे होते. ते चिखलात आपापलं काहीतरी टिपत होते. उत्तराने त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

बांध संपला. महिपतने डाव्या बाजूला हात लावून कपाळाला लावला, सवयीने, आणि बैल पळवले. उत्तराने पाटीचा तुकडा मांडीवर घट्ट धरला आणि श्वास रोखून डावीकडच्या हिसक्याची वाट पाहिली. बैल भरधाव निघाले. छपराच्या कामट्या गप्प होत्या. वारा आत येत होता. डाव्या बाजूची जागा नुसती रिकामी होती.

ती थोडा वेळ तशीच बसली. मग पेन्सिल काढून लिहायला लागली. पळत्या गाडीत ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, एक अक्षरसुद्धा हललं नाही. लिहून झाल्यावर तिने पाटी डावीकडे जराशी तिरपी करून धरली.

संध्याकाळी आत्या दारातच उभी होती.

"थरथरली का गं?"

"नाही."

आत्याने मान हलवली. आत जाऊन तिने दहीभात कालवला, केळीच्या पानावर नाही, ताटात, आणि उत्तरापुढे ठेवला.

"जेव," ती म्हणाली. "आणि मग मला दाखव, काय लिहिलंस ते."